उतारवयांतील बिऱ्हाड

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांनीं पुढें येत आहे. मुलगा परदेशीं स्थायिक झालेला, मुलगी आपल्या संसारांत गुंतलेली, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघ्यांनीं असहकार पुकारलेला. अशा वेळीं ज्येष्ठ नागरिकांसाठीं म्हणून बांधलेल्या वसाहतींत राहावयास जावें काय, आणि जावयाचें ठरल्यास जागेची पारख कशी करावी, असें वाचक विचारतात. कांहीं पत्रें मुलांचीं आहेत. तीं वाचतांना असें दिसतें कीं, मूळ प्रश्नाकडे येण्यापूर्वीं त्यांनीं अर्धें पान स्वतःची बाजू मांडण्यांत खर्चिलें आहे. जणू हा प्रश्न विचारणें हाच एक अपराध! तेव्हां प्रथम त्या संकोचाविषयीं थोडें लिहितों.

वृद्ध माणसानें घर सोडणें ही गोष्ट आपल्या शास्त्रकारांस मुळींच अपरिचित नव्हती. मनुस्मृतीचा सहावा अध्याय ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें सांगावयास नको. अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंडाचें तोंड पाहिलें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी. पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें किंवा सवें घेऊन जावें, असा तेथील विधि आहे. त्यांतलें अरण्य आतां उरलें नाहीं, आणि कंदमुळांवर राहण्याची आमच्या पोटाची तयारीहि उरली नाहीं. तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तेथें मुलगा बापाला घालवीत नाहीं. बाप आपण होऊन निघतो, आणि पत्नीची व्यवस्था काय हें आधीं ठरवून निघतो. आपण होऊन जाणें तो वानप्रस्थ. दुसऱ्यानें धाडलें तर तो वनवास. जागा तीच, झाडें तींच, परंतु या दोहोंमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर आहे. म्हणून पत्र लिहिणाऱ्या मुलांना माझें पहिलें सांगणें असें कीं, जागा पाहण्यास तुम्ही एकटे जाऊं नका. ज्यांना राहावयाचें आहे त्यांना बरोबर न्या, आणि त्यांच्या तोंडून नकार आला तर तो नकार म्हणून ऐका.

दुसरा संकोच शब्दाचा आहे. ‘आश्रम’ म्हटलें कीं घरांतील मंडळी दचकतात. 1896 सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हां आमच्याच समाजांत कोण नाकें मुरडलीं गेलीं! ज्या गृहस्थानें 1893 सालीं विधवेशीं विवाह केला म्हणून बहिष्कार सोसला, त्याच्या आश्रमांत आपली मुलगी ठेवावयाची म्हणजे अब्रू गेली, अशी समजूत होती. पुढें त्याच हिंगण्याच्या संस्थेंत मुलीला प्रवेश मिळावा म्हणून वशिले शोधले गेले. आमच्या माटुंग्यांत श्रद्धानंद महिलाश्रम आहे. 1926 सालीं ज्यांची हत्या झाली त्या स्वामी श्रद्धानंदांच्या नांवानें तो उभा राहिला, आणि निराधार स्त्रियांस त्यानें आजवर आसरा दिला. एके काळीं अशा दारावरून जातांना लोक मान वळवीत. आज वाढदिवसाच्या दिवशीं देणगी देण्यास जातात. शब्द तोच राहिला, कान बदलले.

आतां मूळ विषयाकडे येतों. हा प्रश्न माटुंग्यांत इतक्या तीव्रतेनें कां उभा राहावा, याला इतिहास आहे. 1896 सालीं मुंबईंत प्लेग आला. 1898 सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आणि त्या ट्रस्टनें दादर, माटुंगा, वडाळा या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर रस्ते आंखून वस्तीची योजना केली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडें, पांच बागा, आणि बेताच्या उंचीच्या इमारती. ज्यांनीं त्या बांधल्या त्यांच्या डोळ्यांपुढें तरुण कुटुंबें होतीं. जिना हा त्यांना अडथळा वाटला नाहीं. त्या कुटुंबांचे नातू आज सत्तरीला आले आहेत आणि पुष्कळ इमारतींना अजून लिफ्ट नाहीं. ज्या इमारती पाडून नव्या बांधावयाच्या ठरतात, तेथील रहिवाशांना तीन-चार वर्षें भाड्याच्या जागेंत काढावीं लागतात. पंचविशींतील मनुष्याला चार वर्षें म्हणजे कांहींच नाहीं. पंचाहत्तरींतल्याला तो उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा ठरतो. मग कोणी म्हणतो पुण्याला जाऊं, कोणी म्हणतो नेरळ-कर्जतला जाऊं.

माझें स्वतःचें मत असें कीं, वसाहत शोधण्यापूर्वीं लिफ्ट शोधावी. ज्याला केवळ जिन्यानें छळलें आहे त्यानें त्याच पेठेंत, तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या घरांत जाण्याचा विचार आधीं करावा. माटुंग्याच्या बाजारांत केळीचें पान, जास्वंदीचीं फुलें, चांगली कॉफी आणि ओळखीचा डॉक्टर हीं सारीं शंभर-दोनशें पावलांत मिळतात. भाजीवाली नांवानें ओळखते. दोन दिवस दिसलों नाहीं तर देवळांतले लोक चौकशी करतात. ही चौकशी कोणत्याहि वसाहतीच्या माहितीपत्रकांत छापलेली नसते, आणि एकदां सोडल्यावर ती विकत मिळत नाहीं. परंतु जेथें जिन्याच्या जोडीला एकटेपणा आहे, दुखणें आहे, किंवा दोघांपैकीं एकाची शुश्रूषा दुसऱ्याच्या शक्तीबाहेर गेली आहे, तेथें नुसत्या लिफ्टनें भागत नाहीं.

अशा संस्था तीन प्रकारच्या आढळतात. पहिल्या धर्मादाय. पुण्याचें डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, ज्याला आज ‘निवारा’ म्हणतात, तें एकोणिसाव्या शतकांतलें आहे. महाराष्ट्र सरकारनेंहि 1995 पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना चालविली. दुसऱ्या प्रकारांत ठेव आणि मासिक आकार घेऊन हयातीपर्यंत राहूं देतात. जागा आपल्या मालकीची होत नाहीं. माथेरानच्या पायथ्याशीं नेरळ येथें डिग्निटी फाउंडेशननें वसविलेली वसाहत पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल. तिसऱ्या प्रकारांत घर विकत घ्यावयाचें, आणि भोजनगृह, वैद्य, झाडलोट वगैरे सोयींचा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावयाचा. पुण्यांत परांजपे बंधूंच्या ‘अथश्री’ वसाहती या पद्धतीच्या आहेत. अमेरिकेंत 1 जानेवारी 1960 रोजीं ॲरिझोना संस्थानांत सन सिटी नांवाचें अवघें गांवच निवृत्त लोकांसाठीं उघडलें, तेव्हांपासून ही कल्पना जगभर पसरली. समानशीलांनीं एकत्र राहणें आपल्यालाहि नवें नाहीं. सारस्वतांनीं 1915 सालींच गांवदेवीस सहकारी गृहसंस्था केली. फरक इतकाच कीं, तेथें आजोबांपासून नातवापर्यंत सारे होते. येथें पाळणा हलत नाहीं. लहान मुलांचा गलका ज्यांना हवासा वाटतो त्यांना ही शांतता पहिल्या पंधरवड्यांतच टोचूं लागते, आणि ज्यांना तो कधींच सोसला नाहीं ते तेथें सुखानें राहतात. स्वतःचा स्वभाव ओळखून काय तें ठरवावें.

मागील वर्षीं माझे एक स्नेही, शाळेंतील जुने सहकारी, अशा जागा पाहण्यास निघाले आणि मलाहि बरोबर घेतलें. ते पंचाहत्तर वर्षांचे. वहिनी चार वर्षांनीं लहान. वहिनींना वर्षभरापासून विस्मरणाचा त्रास सुरू झाला आहे. मुलगा अमेरिकेंत, मुलगी ठाण्यास. वहिनींनीं स्वतः तीस वर्षें मुलींच्या शाळेंत गणित शिकविलेलें, त्यामुळें अजूनहि प्रश्न विचारतांना त्यांची पट्टी उगारलेली असते. एका ठिकाणीं तेथील तरुण व्यवस्थापिकेनें मोठ्या लाघवानें म्हटलें, “या आजी, इकडे बसा.” वहिनी उभ्याच राहिल्या. “आजी मी माझ्या नातवंडांची. तुम्ही मला बाई म्हणा.” अशा जागीं शिरतांच प्रत्येक मनुष्याचा सरसकट आजी-आजोबा होतो, हें मलाहि खटकलें आहे. चाळीस वर्षें ज्याला लोकांनीं नांवानें, हुद्द्यानें ओळखलें त्याचें नांव दारांतच काढून ठेवावयाचें काय?

तेथील बाग सुंदर होती, फरशी आरशासारखी होती. (न घसरणारी फरशी आरशासारखी नसते, हें जातां जातां सांगून ठेवतों.) सर्व पाहून झाल्यावर वहिनींनीं विचारलें, “आमच्यांतलें एक गेलें तर मागें राहील त्यानें याच खोलींत राहावयाचें कीं बिऱ्हाड हलवावयाचें?” उत्तर आलें कीं, एकट्यासाठीं एकट्याची खोली असते, दोघांची खोली ठेवावयाची असल्यास दोघांचा आकार द्यावा लागेल. वहिनींनीं तें कागदावर टिपून घेतलें. मग त्या म्हणाल्या, “मला आतां विसर पडतो. पुढें मला यांचीहि ओळख पटेनाशी झाली तर मला येथें ठेवाल ना?” व्यवस्थापिका क्षणभर थांबली आणि तिनें करारांतलें एक कलम दाखविलें: रहिवासी स्वतःचें स्वतः करण्यास असमर्थ झाल्यास नातेवाइकांनीं त्यास घेऊन जावें. माझे स्नेही हळूच म्हणाले, “म्हणजे ज्या दिवसासाठीं येथें यावयाचें, त्याच दिवशीं येथून निघावयाचें.” वहिनींनीं कागदाची घडी घातली आणि चहा न घेतां आम्ही उठलों.

त्या तरुणीचा यांत दोष नाहीं. तिनें खरें तेंच सांगितलें, आणि तें कराराच्या अकराव्या पानावर छापलेलेंहि होतें. पुष्कळ वसाहती धडधाकट वृद्धांसाठींच असतात. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृति गेलेल्या मनुष्याची शुश्रूषा हें वेगळें काम आहे, त्याला शिकलेल्या दाई आणि रात्रीचा पहारा लागतो. हॉलंडांत वेस्प येथें हॉगेवेक नांवाची वस्ती आहे. तेथें स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठींच रस्ते, दुकान, नाटकगृह असें सारें गांव रचलेलें आहे, जेणेंकरून वाट चुकलेला मनुष्य चुकूनहि बाहेर जात नाहीं आणि कोंडल्यासारखाहि राहत नाहीं. तितकें आपल्याकडे कोठून मिळणार? परंतु एकाच आवारांत निरोग्यांची खोली आणि शुश्रूषेचा मजला अशा दोन्ही सोयी असलेल्या जागा आपल्याकडेहि निघाल्या आहेत. जोडप्यानें तरी अशीच जागा पाहावी. मग एक खालीं असला तरी दुसरा वरून रोज जेवावयास त्याच्याजवळ येऊं शकतो. आणि हें तोंडीं आश्वासनावर सोडूं नये. करारांत लिहून घ्यावें.

इमारतीविषयीं आतां सरकारी नियमांचा आधार मिळतो. केंद्र सरकारनें 2019 सालीं निवृत्तांच्या घरांसाठीं आदर्श मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, आणि 2024 सालीं महारेरानें महाराष्ट्रापुरते दंडक घालून दिले. ज्येष्ठांसाठीं म्हणून जो घरें विकतो त्यानें एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट द्यावी, चाकाच्या खुर्चीला सर्वत्र वाट असावी, दारें 900 मिलिमीटर तरी रुंद असावींत, जिन्याला दोन्ही बाजूंस कठडे असावेत आणि एका टप्प्यांत बारांहून अधिक पायऱ्या नसाव्यात, न्हाणीघरांत धरावयास दांडे असावेत, संकटसमयीं वाजवावयाची घंटा असावी, अशा अर्थाचे ते नियम आहेत. जातांना खिशांत मोजपट्टी ठेवावी. मी ठेवली होती. विक्रेता हंसला, पण दार मोजल्यावर हंसावयाचा थांबला. मात्र हे नियम विक्रीच्या घरांचे आहेत, ठेव घेऊन चालविलेल्या निवासाला ते आपोआप लागू होतात असें समजूं नये.

पैशाचा हिशेब मास्तरी पद्धतीनें करून दाखवितों. समजा, वीस लक्ष रुपये बिनव्याजी ठेव मागितली. शेंकडा सात व्याजानें त्या रकमेचें वर्षाला एक लक्ष चाळीस हजार, म्हणजे महिन्याला सुमारें 11,667 रुपये झाले असते. तें आपण सोडलें. तेव्हां तें भाडेंच होय, जरी पावतींत दिसत नसलें तरी. त्यावर मासिक आकार तीस हजार धरूं, आणि तो दरसाल शेंकडा आठनें वाढतो असें करारांत आहे. तर नऊ वर्षांनीं तो साठ हजार होतो. ज्यांचें निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढतें त्यांनीं बेतानें जावें. ज्यांची मदार बँकेंतील व्याजावर आहे त्यांनीं हा गुणाकार दोनदां करावा. ठेव परत कोणाला, किती दिवसांत आणि किती कापून मिळणार, तें वाचावें. घर विकत घेतलें असेल तर आपल्या मागें तें मुलांना मिळेल हें खरें, पण वयाची अट असल्यास त्यांना तेथें राहतां येईलच असें नाहीं. मुलांकडून पोटगी मिळेल या भरंवशावर तर मुळींच जाऊं नये. 2007 सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यांत पोटगीची कमाल मर्यादा दरमहा दहा हजारांची घातलेली आहे. वरच्या हिशेबांत ती कोठें बसते तें वाचकांनींच पाहावें.

त्याच कायद्याचें तेविसावें कलम मात्र प्रत्येक आईबापानें जाणून घ्यावें असें आहे. 1970 सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ नाटकांतील अप्पासाहेब बेलवलकरांनीं हयातींतच सर्व कांहीं मुलांना वांटून टाकलें, आणि पुढें काय झालें तें आपण सर्वांनीं डोळे पुशीत पाहिलें. आज असें बक्षीसपत्र, ‘आमचा सांभाळ करावा’ या अटीवर केलेलें असून मुलांनीं ती अट मोडली, तर न्यायाधिकरण तें रद्द ठरवूं शकतें. सर्वोच्च न्यायालयानें 2022 सालीं अशी अट होती हें सिद्ध झालें पाहिजे असें म्हटलें; 2025 च्या आरंभीं दिलेल्या दुसऱ्या निकालांत या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या बाजूनें करावा असें सांगितलें. तात्पर्य शोधीत न बसतां अट दस्तांतच लिहावी. वसाहतींत जाण्याच्या घाईंत माटुंग्याचें घर मुलाच्या नांवें करून देण्याची पद्धत मला मुळींच पसंत नाहीं. मागें परतावयास उंबरठा ठेवावा.

आणि जे पागडीच्या जागेंत राहतात त्यांना एक निकडीची सूचना. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999, याच्या सोळाव्या कलमाप्रमाणें, दाव्यापूर्वींचे सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरांत नसेल तर तें घरमालकाला ताबा मागण्याचें एक कारण होतें. तेव्हां नव्या जागेंत रमतों कीं नाहीं तें पाहावयास जाणाऱ्यांनीं कुलूप लावून वर्षभर बेपत्ता होऊं नये. मधून मधून येऊन राहावें, विजेचीं बिलें जपून ठेवावींत, आणि जाण्यापूर्वीं वकिलाचा सल्ला घ्यावा.

जागा पाहण्यास केव्हां जावें? पुष्कळ लोक मार्गशीर्ष-पौषांत, हवा प्रसन्न असतांना जातात. मी म्हणेन आषाढांत जा. भिंतींची ओल, विजेचा लपंडाव, डॉक्टराच्या गाडीला लागणारा वेळ, हें सारें तेव्हां कळतें. आधीं न कळवितां जेवणाच्या वेळीं जावें, आणि व्यवस्थापकांना दूर ठेवून रहिवाशांच्या पंगतीला बसावें. रात्रींचें जेवण सातलाच आटोपतात काय, कांदा-लसूण न खाणाऱ्याला काय वाढतात, एकादशीला काय मिळतें, मऊ भात आणि गोडें वरण मागून मिळतें कीं तोंड वेंगाडावें लागतें, तें विचारावें. खोलींत निरांजन लावूं देतात काय हेंहि विचारावें. धुराचा इशारा देणारीं यंत्रें असतात, त्यामुळें कांहीं ठिकाणीं विजेचा दिवा लावा म्हणतात. ज्याला तें चालतें त्याला चालतें. पन्नास वर्षें सांजवात लावणाऱ्या बाईला तें चालेल असें सूनबाईंनीं परस्पर ठरवूं नये. वाचनालयांत मराठी पुस्तकें आणि मासिकें आहेत कीं नुसतें दूरदर्शन आहे, तें पाहावें. रहिवासी दुपारीं घरच्या कपड्यांत गप्पा मारीत बसलेले दिसतात कीं भिंतीकडे पाहत बसलेले दिसतात, यावरून जें कळतें तें माहितीपत्रकावरून कळत नाहीं. आणि शुश्रूषेच्या मजल्यावर अवश्य जावें. नाक हा उत्तम परीक्षक आहे.

माझ्या स्नेह्यांनीं पहिल्या दोन जागा सोडल्या. तिसरी पुण्याच्या बाजूला मिळाली. बाग बेताची, परंतु शुश्रूषेचा मजला त्याच आवारांत, आणि वहिनींना पुढें तेथें हलविण्याची गरज पडल्यास यांनीं दिवसभर त्यांच्याजवळ बसावें, दोन्ही जेवणें तेथेंच घ्यावींत, असें त्यांनीं करारांत लिहून द्यावयाचें कबूल केलें. ठाण्याच्या मुलीला हें रुचलें नाहीं. “आई, मी असतांना तूं तेथें कां जातेस? माझ्याकडे ये,” असें ती रडून म्हणाली. मुलीच्या घरीं पाणी न पिण्याचे दिवस गेले, तेव्हां वहिनींची अडचण ती नव्हती. त्या म्हणाल्या, “तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून येईन, मला आठवतें आहे तोंवर. पुढचें तुझ्या एकटीवर टाकावयाचें नाहीं, हें मी शुद्धींत असतांनाच ठरवितें आहें.” मुलीला यावर कांहीं बोलतां आलें नाहीं. मलाहि आलें नसतें.

यंदा आषाढ लागतांच दोघें महिनाभराच्या बोलीनें तेथें गेलीं आहेत. घराची किल्ली आमच्याकडे आहे, आणि त्यांच्या तुळशीला पाणी घालण्याचें काम आमच्या घरांतून होतें. परवां वहिनींचें पोस्टकार्ड आलें; तेथील मंडळींनीं आतां त्यांना ‘बाई’ म्हणावयास सुरुवात केली आहे असें त्यांत लिहिलें आहे. त्याच मजकुराचें दुसरें कार्ड काल आलें. महिना संपल्यावर दोघें परत येतील, मग पुढचें ठरेल. इस्पितळांत सही कोणी करावयाची आणि मृत्युपत्र कसें लिहावें याविषयीं ज्या वाचकांनीं विचारलें आहे, त्यांचीं पत्रें पुढील अंकीं घेईन.